पायथॉनचा वेग कुणाच्या भरवशावर?

मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कर्मचारीकपात केली. त्यात ‘फास्टर सीपायथॉन’वर काम करणारे काही कोअर डेव्हलपर गेले आणि कंपनीने प्रकल्पाचा पाठिंबाही काढून घेतला. मी रोज पायथॉनमध्ये बॅकएंड लिहितो, त्यामुळे ही बातमी माझ्यासाठी लांबची नव्हती.

या टीमने नेमकं केलं काय? पायथॉनमध्ये दोन गोष्टींची बेरीज करताना इंटरप्रिटरला दर वेळी तपासावं लागतं: हे आकडे आहेत, स्ट्रिंग आहेत, की एखाद्या क्लासचे ऑब्जेक्ट? पण सतत चालणाऱ्या सर्व्हरमध्ये एका ओळीवर बहुतेक वेळा एकाच प्रकारची व्हॅल्यू येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ३.११ आवृत्तीने याचाच फायदा घेतला. ओळ वारंवार चालली की तिथली सर्वसाधारण सूचना जाऊन खास सूचना बसते, जसं ‘फक्त पूर्णांकांची बेरीज’. आधी एक छोटी तपासणी होते. अंदाज चुकला तर परत जुना रस्ता. नेहमीच्या टपरीवर न सांगता कटिंग पुढे येतो ना, तसंच. ३.१० च्या तुलनेत ३.११ सरासरी २५ टक्के वेगवान ठरलं.

कल्पना जुनीच आहे. सेल्फ या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेच्या टीमने १९९१ मध्येच अशा कॅशवर शोधनिबंध लिहिला होता. सेल्फवर काम केलेले लार्स बाक पुढे जावाच्या हॉटस्पॉटवर आणि मग क्रोमच्या व्ही८ इंजिनवर होते. म्हणजे जावा आणि जावास्क्रिप्टच्या वेगामागे मोठ्या कंपन्यांचा पैसा होता.

पायथॉनची अडचण इथेच आहे. असं काम एकदा करून संपत नाही. भाषेत नवं काही आलं की प्रत्येक खास सूचना आणि तिची तपासणी पुन्हा पाहावी लागते. काम थांबलेलं नाही: ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये विंडोज आणि मॅकओएसच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये जिट कंपायलर आला. पण तो अजून प्रायोगिक आहे आणि मुळात बंदच असतो.

माझं मत स्पष्ट आहे. कोडची एक ओळही न बदलता आपल्याला हा वेग मिळाला, म्हणून तो फुकट वाटतो. तो फुकट नव्हता, पगार एक कंपनी देत होती. पायथॉनवर धंदा उभा करणाऱ्या बाकीच्या कंपन्यांनीही आता खिशात हात घालायला हवा.