आठ मिलिमीटर

गेल्या श्रावणात माझा उजवा खुबा बदलला. दीड महिन्याने वॉकर सुटला, हातात काठी आली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा साडी नेसून मी आरशासमोर उभी राहिले. निऱ्या सारख्या केल्या, तरी काठ तिरकाच. पुन्हा सोडली, पुन्हा नेसले. तीनदा हेच झालं तेव्हा कळलं, साडीत काही चुकत नाहीये. पाय लांब झालाय.

तपासणीला गेले तेव्हा हे सांगितलं. उत्तर दोन शब्दांत मिळालं, "सवय होईल." ते खोटं नव्हतं, पण त्याने माझं भागलं नाही. घरी आल्यावर चार दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. दुखणं गेलं होतं, रात्रीची झोप परत आली होती, तरी चालताना प्रत्येक पावलाला डाव्या बाजूला खड्ड्यात पाय पडल्यासारखं वाटायचं.

उलगडा केला तो फिजिओथेरपिस्ट मुलीने. तिने मला पाठीवर निजवलं आणि साधी शिवणाची टेप काढली. आधी कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. फरक आठ मिलिमीटर. मग बेंबीपासून घोट्यापर्यंत मोजलं. फरक जवळजवळ दोन सेंटिमीटर! "काकू, पहिला फरक हाडांचा. वरचा सगळा कंबर तिरकी झाल्यामुळे. तो व्यायामाने जाईल."

माझा खुबा दहा वर्षं झिजत होता. कूर्चा संपत जाते तसा तो पाय आखूड होत जातो, आजूबाजूचे स्नायू आखडतात आणि शरीर त्या आखूडपणालाच सरळ समजायला लागतं. ऑपरेशनने पाय मूळ मापावर आला तरी तो लांबच वाटतो. शिवाय खराच थोडा लांब होतो, त्यालाही कारण असतं. नव्या वाटीत नवा गोळा बसवल्यावर भोवतालचे स्नायू सैल राहिले तर गोळा निसटू शकतो. तो घट्ट राहावा म्हणून सर्जनला कधीकधी काही मिलिमीटर जास्तीचे द्यावे लागतात. फार ताणलं तर नसेला धोका, म्हणून त्यालाही मर्यादा. सर जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी हे जोडकाम यशस्वी केलं, तेव्हापासून ही तारेवरची कसरत चालू आहे. सांधा निसटण्यापेक्षा आठ मिलिमीटर मी आनंदाने घेईन. पण हे मला ऑपरेशनच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ते चार दिवस मी रडले नसते.

तिने आणखी एक गोष्ट बजावली, ती इथे मुद्दाम लिहिते. लगेच चप्पल उंच करून घ्यायची नाही. आखडलेले स्नायू सैल व्हायचे असतात, आधार मिळाला की ते तसेच राहतात. मी तीन महिने थांबले, रोज दोनदा व्यायाम केला आणि दोन सेंटिमीटरमधला तो वरचा फरक खरंच विरघळला. हाडाचे आठ मिलिमीटर तेवढे उरले. पाऊल बधिर होणं, वर न उचलणं, किंवा अचानक जोराची कळ येऊन पाय आखूड दिसणं, यात मात्र डॉक्टरांकडे जायला एक दिवसही थांबायचं नसतं.

मग पनवेलच्या बाजारात चपला शिवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी डाव्या चपलेचा तळ रापीने सोलून काढला, पाच मिलिमीटरचं रबर टाचेपासून चवड्यापर्यंत चिकटवलं आणि बोटांकडे उतार देत कडा तासली. "नुसती टाच उचलली तर पुढे ढकलल्यासारखं होईल, ताई." पूर्ण आठ भरायचे नाहीत हे फिजिओने सांगितलंच होतं. ज्यांचा फरक मोठा आहे त्यांनी हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत जावं. १९५५ पासूनची ही सरकारी संस्था आहे, आणि पनवेलजवळच्या आमच्या विचुंबेहून लोकलने एका दिवसात जाऊन येता येतं.

खरी अडचण घरी आल्यावर कळली. आपण चपला दाराबाहेर काढतो, म्हणजे माझा उपायही दाराबाहेरच राहिला! दिवसाचे चौदा-पंधरा तास मी अनवाणी, आणि त्यातले दोन ओट्यासमोर उभी. पोळ्या लाटून झाल्या की कंबर धरायची. आमच्या घरात स्वयंपाकघरात चप्पल कधीच चालली नाही, सासूबाईंचा तो नियम मीच आजवर पाळत आले. शेवटी फक्त घरात घालायची एक कोरी जोडी त्याच काकांकडून करून घेतली. ओट्यापाशी मात्र अजून मन होत नाही. तिथे सुताराने पातळ प्लायचा तुकडा कापून दिलाय, खाली रबर लावून, सरकू नये म्हणून. डावा पाय त्यावर. त्या दिवसापासून संध्याकाळची कंबर माझी राहिली आहे.

संध्याकाळी गाढी नदीच्या पुलापर्यंत चालते. आमच्या रस्त्याला फुटपाथ नाही आणि रस्ता दोन्ही कडांना उतरता आहे, हे साठ वर्षांत माझ्या पायांना कधी जाणवलं नव्हतं. उजव्या कडेने जाताना उजवा पाय उतारावर पडतो आणि दोन्ही पाय अगदी सारखे होतात. त्याच कडेने परत फिरलं की तोच फरक दुप्पट. आता मी पुलावर रस्ता ओलांडून घेते.

शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंचं पुढच्या महिन्यात हेच ऑपरेशन आहे. परवा माझ्याकडे आल्या होत्या. चहा झाल्यावर मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली, त्यांना सोफ्यावर निजायला सांगितलं आणि ऑपरेशनआधीचे दोन्ही आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून दिले.