माहितीसंग्रहाचे परवाने आणि वाचकांची गणती

माहितीसंग्रहासाठी सॉफ्टवेअर घेताना आपल्या प्रयोगशाळा व ग्रंथालये बहुधा एका प्रतीची किंमत पाहतात. माझ्या मते, त्या संग्रहापर्यंत किती माणसे पोहोचणार हे आधी पाहिले पाहिजे.

मायक्रोसॉफ्टच्या दोन डेटाबेसांचे उदाहरण घेऊ. मेजावरील संगणकात चालणारा ‘ॲक्सेस’ स्वस्त पडतो. फॉर्म व तक्ते रचणाऱ्या एकापाशी पूर्ण प्रत असली की भागते. इतरांस ‘रनटाइम’ आवृत्ती विनामूल्य मिळते. परंतु त्याच्या एका फाइलीत २ गिगाबाइटांहून अधिक मजकूर मावत नाही. मग संस्था सर्व्हरकडे वळते, आणि हिशेबाची जातच बदलते.

‘एसक्यूएल सर्व्हर’च्या स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना दोन रीतींनी मिळतो. २०२२ च्या आवृत्तीच्या जाहीर अमेरिकी दरांप्रमाणे पहिल्या रीतीत सर्व्हरचे ९८९ डॉलर, शिवाय दर माणसामागे किंवा यंत्रामागे २३० डॉलर. दुसरीत माणसे मोजावयाची नाहीत, प्रोसेसरचे कोर मोजावयाचे. किमान चार कोरांचे ७,८९० डॉलर. तीस माणसांस पहिल्या रीतीने ७,८८९ डॉलर पडतात. एकतिसावा मनुष्य आला की तीच रीत महाग!

मधला एकच प्रोग्राम सर्वांच्या वतीने सर्व्हरशी बोलला तर एकच परवाना पुरेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची होय. पहिल्या रीतीत मध्यस्थामागे जितकी माणसे, तितके परवाने. दर्शनी बाजूस ॲक्सेस ठेवला तरीही. लहान संग्रहासाठी विनामूल्य ‘एक्स्प्रेस’ आहे; २०२२ च्या आवृत्तीत तिची मर्यादा दर डेटाबेसास १० गिगाबाइटांची.

वनस्पतींच्या नमुन्यांची सूची सार्वजनिक पैशाने उभारावयाची आणि प्रत्येक नव्या अभ्यासकास वाढीव खर्च मानावयाचे, ही वृत्ती डोकी मोजणाऱ्या परवान्यातून नकळत उपजते. मला ती घातक वाटते. बर्कले येथे १९८६ साली आरंभलेल्या कामातून निपजलेला ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ माणसे मोजीत नाही, कोरही मोजीत नाही. भारत सरकारनेही २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. तथापि ‘फुकट’ हा शब्द जपून वापरावा. बॅकअप घेणारा, बिघाड निस्तरणारा जाणता मनुष्य लागतोच, आणि त्याचे वेतन कोणत्याही दरपत्रकात छापलेले नसते. परवान्याचे वाचलेले पैसे प्रथम त्या वेतनाकडे वळवावेत. अर्थात, यंत्र मंजूर करून घेण्याहून पद मंजूर करून घेणे किती कठीण, हे ज्यांनी असे प्रस्ताव लिहिले आहेत ते जाणतातच.