टोपलीचा भाव

तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा आपल्याला तसा परका नाही. १९५६ साली त्याचे किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखात आले; उरलेल्या जिल्ह्यातही मराठी आजवर बोलली जाते. तिथले कोलाम आदिवासी पूर्वापार बांबूच्या टोपल्या आणि तट्टे विणतात.

मी पडलो कारकून. कलेआधी मला कागद दिसतो. बांबू खरे तर गवत. पण १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाडात बसवले. मग तोडायला परवानगी, न्यायला परवाना! २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला. तरी गडचिरोलीच्या मेंढा-लेखा ग्रामसभेला वाहतूक परवान्यांचे पुस्तक हाती यायला २०११ उजाडले. कच्चा मालच असा अडला, तर कारागिराने विणायचे काय?

दुसरी अडचण आपण, म्हणजे गिऱ्हाईक. १९९४ च्या नरसंहारातून वाचलेल्या रवांडातल्या बायकांच्या टोपल्या २००५ पासून अमेरिकेच्या बड्या दुकानांत विकल्या गेल्या, याचे आपल्याला कौतुक. न्याय्य व्यापाराचा नियम साधा आहे: भाव विणणाऱ्याशी बोलून ठरवा, आणि त्याने मागितल्यास निम्मी रक्कम आगाऊ द्या. यात दानधर्म कुठे आला?

आपल्याकडे मात्र प्लास्टिकची बादली छापील किमतीला घेणारे आपण वायनाच्या सुपासाठी घासाघीस करतो. कोलामांची गोष्ट दूरची वाटत असेल, तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून सुरुवात करूया. सांगेल तो भाव द्यावा आणि पुढच्या चवथीची सुपे आगाऊ पैसे देऊन आजच सांगून ठेवावीत.