विहीर आणि रविवारची प्रार्थना



वसईची केळी, पानवेली आणि फुले तुम्हांला ठाऊक आहेतच. समुद्राकाठच्या या बागा गोड्या विहिरींवर पोसल्या. पुढे शहर वाढले आणि टँकर विहिरींवर येऊ लागले. किनाऱ्यालगत गोडे पाणी बेसुमार उपसले की त्याच्या जागी खारे पाणी शिरते, केळीची पाने कडेने करपतात. पाणी एकजण विकतो. खारेपणा शेजाऱ्याच्या विहिरीतही जातो.

तेथील धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी हा प्रश्न चर्चबाहेरचा मानला नाही. हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्याचे त्यांनी नेतृत्व केले. बायबलमधील लेवीय या पुस्तकात जमीन देवाची, माणूस तिच्यावरचा पाहुणा, असे सांगून सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायला सांगितले आहे.

रविवारी शेजाऱ्यावरील प्रेमाचा उपदेश ऐकायचा आणि सोमवारी त्याची विहीर आटेपर्यंत पंप चालवायचा, हे कोणत्याच धर्मात बसत नाही. तेव्हा उन्हाळ्यात दर पंधरवड्याला दोरी सोडून विहिरीची पातळी मोजा. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. पातळी उतरली, तर शेजाऱ्याशी बसून उपशाच्या पाळ्या ठरवा.