गुलामांची विद्या

व्यायाम म्हटला कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें तालमीची तांबडी माती आणि मल्लखांब उभा राहतो. परंतु वाद्यावांचून जिचा आरंभच होत नाहीं अशीही एक युद्धकला जगांत आहे. ती ब्राझील देशांतील कापोएरा. भोपळा बांधलेलें बेरिंबाउ नांवाचें एकतारी धनुष्य वाजूं लागलें, मंडळी वर्तुळ धरून गाऊं लागली, कीं मध्यें दोघे उतरतात. झुलतां झुलतां एकजण हातांवर उलटा होतो आणि त्याचा पाय दुसऱ्याच्या कानशिलावरून जातो. पाहणाऱ्यास तें नृत्य वाटतें. ज्यास लाथ बसते त्यास वाटत नाहीं.

ही विद्या मूळची कोणाची? सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आफ्रिकेंतून सुमारें ५० लाख माणसें गुलाम म्हणून ब्राझीलला नेण्यांत आलीं. त्यांतील फार मोठा भाग अंगोला व कोंगो प्रदेशांतील होता. दक्षिण अंगोलांतील एंगोलो या खेळांतही वर्तुळ, गाणें आणि हातांवर उलटून मारलेल्या लाथा आढळतात. कित्येक विद्वान् त्यालाच कापोएराचा जनक मानतात. इतरांच्या मतें अनेक जमातींचे खेळ ब्राझीलच्या शहरांत एकत्र येऊन ती घडली. आम्हांस दुसरें मत अधिक सयुक्तिक वाटतें, कारण जहाजांतून कांहीं एकच गांव उतरलें नव्हतें. मात्र मार्टिनिक बेटांतील दान्म्ये हा ढोलाच्या तालावरचा द्वंद्वखेळ पाहिला म्हणजे आफ्रिकेचें आजोळ कोणासही नाकारतां येणार नाहीं.

१८८८ सालीं ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्यानें संपली. आणि वाचकहो, १८९० च्या दंडसंहितेनें रस्त्यांत कापोएरा खेळणाऱ्यास दोन ते सहा महिन्यांची कैद ठरविली! माणूस मोकळा झाला, त्याचा खेळ गुन्हा ठरला. पुढें साल्व्हादोर शहरांत मेस्त्रे बिंबा यांनीं १९३२ सालीं शाळा काढली. १९३७ सालीं तिला सरकारमान्यता मिळाली. मेस्त्रे म्हणजे आपला वस्ताद. बिंबांनीं नवे डाव घालून शिक्षणाची शिस्त बसविली. मेस्त्रे पास्तिन्या यांनीं उलट १९४१ पासून जुनीच पद्धत ‘अंगोला’ या नांवानें जतन केली. आपले गुरु अंगोलाचे होते, असें ते सांगत. १९६६ सालीं सेनेगालमधील डाकार येथील कलामहोत्सवांत हे वृद्ध वस्ताद ब्राझीलतर्फे गेले होते.

२०१४ सालीं युनेस्कोनें कापोएराच्या वर्तुळाला मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. पास्तिन्या मात्र १९८१ सालींच अंध व निर्धन अवस्थेंत वारले. त्यांच्या शाळेची जागा इमारतीच्या जीर्णोद्धाराच्या निमित्तानें रिकामी करून घेण्यांत आली होती. ती त्यांस परत मिळाली नाहीं.