सौ., श्रीमती की आयुष्मती?

भगिनींनो, लग्नसराई सुरू झाली की घरात पत्रिकांचा ढीग साचतो. त्यातल्या चार-सहा पत्रिका काढा आणि नावांआधीची अक्षरे तेवढी वाचा. मुलाआधी 'चि.', मुलीआधी 'चि. सौ. कां.'. वडिलांआधी 'श्री.', आईआधी 'सौ.'. वडील हयात नसतील, तर त्याच आईच्या नावाआधी 'श्रीमती' किंवा 'गं. भा.'. अक्षरे दोन-तीनच, पण बाईचा नवरा आहे की नाही हे ती साऱ्या गावाला सांगून टाकतात.

'सौ.' म्हणजे सौभाग्यवती. शब्दाचा मूळ अर्थ चांगल्या भाग्याची स्त्री, एवढाच. रूढीने ते भाग्य नवऱ्याच्या हयातीशी बांधले. 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे सौभाग्याची इच्छा धरणारी. मुलगी डॉक्टर झालेली असो की वकील, पत्रिकेत तिची इच्छा एकच! 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी. विधवेला पवित्र नदीचे नाव द्यायचे आणि हळदीकुंकवाला मात्र बोलवायचे नाही, असा हा मान.

'श्रीमती'ची गंमत निराळी. संस्कृतात 'श्रीमान'चे ते स्त्रीरूप. हिंदीत ते विवाहितेला लावतात, मराठीत मात्र रूढीने विधवेला चिकटले. म्हणजे दोष शब्दाचा नाही, वापरणाऱ्यांच्या नजरेचा आहे. पुरुषाचे पाहा. लग्नाआधी 'श्री.', लग्नानंतर 'श्री.', पत्नी वारली तरी 'श्री.'च. जुन्या पत्रांतल्या 'रा. रा.', म्हणजे राजमान्य राजश्री, यालाही बायको असण्या-नसण्याशी देणेघेणे नव्हते.

ही नुसती भाषेची बाब नव्हे. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. जात टिकवायची तर लग्न जातीतच झाले पाहिजे आणि त्यासाठी नवरा मेलेल्या बाईचा 'बंदोबस्त' झाला पाहिजे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली त्यातून आल्या, असे त्यांनी त्यात मांडले. त्याआधी 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेही याच सक्तीच्या वैधव्यात पिचलेल्या बायकांसाठी. नावाआधीचे अक्षर ही त्याच कुंपणाची एक काटकी आहे.

कुंपण अजून पुरते मोडलेले नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. पण एप्रिल 2023 मध्ये 'विधवा'ऐवजी 'गंगाभागीरथी' हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव मंत्रालयातूनच पुढे आला. स्त्रियांनी ठिकठिकाणी निषेध केला, तेव्हा 'निर्णय झालेला नाही' असा खुलासा करावा लागला. पाटी बदलून प्रश्न सुटत नाही. मुळात पाटी हवीच कशाला?

आपल्याकडे दुसरी वाट आहे. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी संघातील संबोधनांचा नियम सांगितला. ज्येष्ठाने नव्या भिक्खूला नावाने, गोत्राने किंवा 'आवुसो' म्हणून हाक मारावी, नव्याने ज्येष्ठाला 'भन्ते' किंवा 'आयस्मा' म्हणावे. मान ठरला तो धम्मातील ज्येष्ठतेवरून. पती आणि मुले गमावलेली पटाचारा आज आपल्याला आठवते ती थेरी म्हणून, कुणाची विधवा म्हणून नव्हे. याच 'आयस्मा'च्या नात्यातले आपले आयुष्मान आणि आयुष्मती. दोघांनाही 'आयु.' हे एकच अक्षर चालते. कुमारिका, विवाहिता, विधवा, परित्यक्ता, सगळ्यांना तोच मान.

तरीही आपल्याच कित्येक पत्रिकांवर वर तथागतांचे चित्र आणि खाली 'चि. सौ. कां.' छापलेले असते. छापखान्यातला नमुना तसाच उचलला जातो. "सौ. नाही लिहिले तर लोक काय समजतील?" असे आयाबाया विचारतात. चाळीस वर्षे अभिमानाने 'सौ.' लावलेल्या आजीला कुणी टोचून बोलू नये. पण तिला एवढे जरूर विचारावे : शेजारी बसलेल्या विहिणीच्या नावापुढे तेच अक्षर नसते, तेव्हा तिच्या मनाला काय वाटत असेल?

म्हणून पुढचा मंगल परिणय ठरला की मजकूर छापखान्यावर सोडू नका. घरी बसून लिहा. वधू, वर, दोन्हीकडचे आईवडील, सगळ्यांआधी 'आयु.' घाला. आणि वराची आई एकटी असेल तर तिला मागच्या रांगेत बसवू नका, मंचावर पुढे बोलवा. पत्रिकेतला मान मांडवातही दिसला पाहिजे.