विस्तार झाला, प्रश्न उरला

राष्ट्रांच्या जीवनात काही वर्षे अशी येतात की, त्यांच्या सीमा ज्या वेगाने विस्तारतात, त्याच वेगाने त्यांच्या भावी संकटांची बीजेही पेरली जातात. अमेरिकेच्या इतिहासातील १८४६ हे असेच वर्ष होय. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्या वेळी अवघी सत्तर वर्षे झाली होती. पॅसिफिक महासागरापर्यंत पसरणे हे आपले विधिलिखितच आहे, ही भावना त्या तरुण राष्ट्रात मूळ धरू लागली होती. त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासी जमातींना या विधिलिखितात स्थान नव्हते, हे सांगायलाच नको.

अध्यक्ष जेम्स पोक यांच्यासमोर त्या वर्षी दोन सीमावाद होते. ओरेगॉनचा वाद बलाढ्य ब्रिटनशी होता. तेथे सर्व प्रदेशावर हक्क सांगणाऱ्या गर्जना झाल्या खऱ्या. परंतु जूनमध्ये एकोणपन्नासाव्या अक्षांशावर तडजोड करण्यात आली. दुर्बळ मेक्सिकोच्या वाट्याला मात्र सैन्य आले. न्यूएसेस आणि रिओ ग्रांद या नद्यांमधील वादग्रस्त पट्ट्यात २५ एप्रिल रोजी चकमक झाली. तिची वार्ता ९ मेच्या सायंकाळी वॉशिंग्टनला पोहोचली. तत्पूर्वीच, त्याच दिवशी, युद्धाचा निर्णय मंत्रिमंडळात जवळजवळ ठरला होता. वार्तेने कारण पुरवले नाही. निमित्त तेवढे पुरवले.

पुढे जे घडले ते लोकशाहीच्या प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. ११ मे रोजी प्रतिनिधिगृहात आलेल्या विधेयकात पन्नास हजार स्वयंसैनिक आणि एक कोटी डॉलर यांची तरतूद होती. आणि मेक्सिकोच्याच कृत्यामुळे युद्ध सुरू झाले आहे, हे विधान त्याच्या प्रास्ताविकातच गोवलेले होते. चर्चेला जेमतेम दोन तास मिळाले. विधानाला नकार द्यावा, तर सीमेवरील जवानांची रसद तोडल्याचा ठपका येतो. रसद द्यावी, तर असत्यावर शिक्कामोर्तब होते! १७४ सभासदांनी होकार दिला. केवळ १४ जणांनी विरोध नोंदवला; माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स त्यांत होते. सैनिकांविषयीची कृतज्ञता आणि युद्धाच्या न्याय्यतेचा विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच मतात बांधल्या की, विवेकाला बोलायला जागाच उरत नाही.

तथापि दडपलेला प्रश्न तीन महिन्यांतच दुसऱ्या दाराने सभागृहात शिरला. ऑगस्टमध्ये पोक यांनी तहाच्या वाटाघाटींसाठी वीस लाख डॉलर मागितले, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या डेव्हिड विल्मट यांनी उपसूचना मांडली की, मेक्सिकोकडून मिळणाऱ्या प्रदेशात गुलामगिरीला थारा नसावा. मेक्सिकोने तर ती १८२९ मध्येच रद्द केली होती. स्वातंत्र्याचा ध्वज मिरवणाऱ्यांच्या पाठोपाठ त्या मुक्त भूमीत दास्य जाणार काय? प्रतिनिधिगृहाने उपसूचना स्वीकारली, सिनेटमध्ये ती तरली नाही.

१८४८ च्या तहानंतर, टेक्सास धरून, मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक प्रदेश अमेरिकेकडे गेला होता. पण जिंकलेला प्रत्येक प्रांत तोच जुना प्रश्न विचारू लागला, आणि त्याचे उत्तर १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिकांच्या प्राणांनी द्यावे लागले. मेक्सिकोत तरुण अधिकारी म्हणून लढलेले आणि यादवीत विजयी सेनापती ठरलेले युलिसिस ग्रँट यांनी आत्मचरित्रात मेक्सिकोवरील युद्धाला अन्यायी म्हटले आणि यादवी हे बव्हंशी त्याचेच फळ मानले. सेनापतीची ही साक्ष कोणत्याही टीकाकाराच्या साक्षीहून वजनदार आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो त्यांनी जिंकलेल्या भूमीसाठी नव्हे, तर गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. पुण्यातल्या त्या द्रष्ट्याला राष्ट्राची थोरवी नेमकी कोठे असते, हे कळले होते. सीमा सैन्याने वाढवता येतात. त्या सीमांच्या आत कोणता न्याय नांदणार, हे मात्र सभागृहात आणि वेळेवरच ठरवावे लागते. तेथे दोन तासांत उरकलेल्या चर्चेची किंमत पुढच्या पिढीने मोजली.